शेजारी फायली पाठवायच्यात? मग राउटरला हात लावू नका

समोरासमोरचे दोन फ्लॅट. एकात लग्नाचं शूटिंग करणारा, दुसऱ्यात त्याचं एडिटिंग करणारा. दोघांचं नेट वेगवेगळ्या कंपन्यांचं. एका लग्नाचं फुटेज सहज २०० जीबी भरतं. ‘ड्राइव्हवर टाक ना’ म्हणणाऱ्यांनी कधी हिशेब केलेला नसतो: १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साधारण १२ एमबी) लाइनवर एवढं चढवायला, सगळं सुरळीत चाललं तरी, साडेचार तास लागतात. मग भिंतीपलीकडे उतरवायला पुन्हा जवळपास तेवढेच. पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरच्याला आत यायला राउटरमध्ये वाट उघडण्याचा, सल्लाही त्याच लायकीचा. बऱ्याच कंपन्या इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता (आयपी) अनेक गिऱ्हाइकांत वाटून देतात. अशा लाइनवर तुम्ही राउटरमध्ये काहीही उघडलंत तरी बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. आणि आलाच, तरी वेग अपलोडएवढाच.

करायचं एवढंच: दोन कॉम्प्युटरच्या मध्ये थेट केबल. नेट ज्याचं त्याच्याकडे राहतं. गिगाबिट केबलवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे २०० जीबी अर्ध्या तासात. महिन्यातून एकदाच काही द्यायचं असेल तर एवढाही खटाटोप करू नका. एसएसडी खिशात घालून शेजारी जा, चहाही मिळेल.

केबल. कॅट ६, शुद्ध तांब्याची. बंडलवर ‘सीसीए’ लिहिलेलं असेल तर ते ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतं; दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका. लांबी १०० मीटरच्या आत. डक्टमधून न्यायची असेल तर आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, नाहीतर पुढच्या मीटिंगला तोच विषय. दोन वेगळे बंगले किंवा वेगळ्या इमारती असतील तर मात्र तांब्याची वायर ओढूच नका. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असतं, आणि पावसाळ्यात जवळपास वीज पडली तर दोन्ही घरांतली यंत्रं जायची भीती. तिथे फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडून देणारी डबी) बसवा.

लॅपटॉपला ही केबल लावायचा (इथरनेट) पोर्ट नसेल तर यूएसबी ३ चा गिगाबिट अडॅप्टर घ्या. डेस्कटॉपला नेट वायरनेच येत असेल तर त्यालाही असाच दुसरा पोर्ट लागेल.

पत्ते. सगळे अडकतात ते इथे, आणि मीही सुरुवातीला इथेच डोकं आपटत बसायचो.

बहुतेक जण केबल आपल्या राउटरमधून शेजारच्याच्या राउटरमध्ये खोचतात. दिसायला सोपं, पण दोन्ही राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते वाटत असतात. एकदा जोडले की ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता मोबाइल उचलतो. त्यात दोन्ही राउटरचा स्वतःचा पत्ता पुष्कळदा १९२.१६८.१.१ असाच असतो, मग कुठली मागणी कुणाकडे जाईल याचा नेम नाही. एका ओळखीच्यांकडे असंच झालेलं. इकडे काकूंची मालिका शेजारच्यांच्या नेटवर चाललेली, तिकडे मुलाचा ऑनलाइन क्लास दर पाच मिनिटांनी अडकतोय, आणि नेट कंपनीचा माणूस येऊन बिचारा नवीन राउटर बसवून गेलेला. मी केबल उपसली, दोन्ही घरं शांत.

म्हणून केबल कॉम्प्युटरपासून कॉम्प्युटरपर्यंतच. मध्ये कुणी पत्ता वाटणारा नाही, तेव्हा पत्ते हाताने द्यायचे. ही केबल लावलेल्या इथरनेट पोर्टच्या आयपी सेटिंगमध्ये ‘मॅन्युअल’ निवडा. एका घरी १०.१०.१०.१, दुसऱ्या घरी १०.१०.१०.२, दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० (आकडे अर्थात इंग्रजीत टाइप करा). १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते घेऊ नका. जिओच्या राउटरवर असतो तो १९२.१६८.२९ चा गटही नको. दोन्ही घरांच्या वायफायपेक्षा वेगळा गट हवा, नाहीतर फाइल कुठल्या वाटेने पाठवायची हे कॉम्प्युटरला कळत नाही.

आणि गेटवेचा रकाना रिकामा ठेवा. डीएनएसचाही. रिकामा रकाना बघून लोकांचे हात शिवशिवतात आणि ते तिथे शेजाऱ्याचा पत्ता भरतात. गेटवे म्हणजे बाहेर जायचं दार. तिथे काही भरलंत की विंडोज वेगवान वायरला वायफायपेक्षा आधी पसंती देतं आणि तुमचं सगळं नेट शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरकडे वळवतं, जिथून ते पुढे जातच नाही. मग ‘केबल लावली आणि नेट गेलं’ म्हणून फोन येतात. वायफाय आणि ही केबल, दोन्ही कनेक्शन निवडून ‘ब्रिज’ करायचा, म्हणजे एकत्र जोडायचा, सल्ला कुणी दिला तर त्याला नमस्कार करा आणि वाट धरा. ब्रिज केलंत की पुन्हा दोन घरांची जाळी एकमेकांत मिसळायची वाट उघडलीत.

शेअरिंग. गेटवे नाही म्हणून विंडोज या केबलला ‘अनोळखी’ समजून ‘पब्लिक’मध्ये टाकतं आणि फायरवॉल दार लावून घेतो. पिंगला (समोरचा कॉम्प्युटर पोचतो का, हे बघायला मारलेल्या हाकेला) उत्तर येत नाही म्हणून केबलवर संशय घेऊ नका. आधी त्या इथरनेटचं प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ करा. मग एकच फोल्डर शेअर करा, अख्खा सी ड्राइव्ह नव्हे. त्यासाठी पासवर्ड असलेलं वेगळं युजर खातं काढा. रोज लॉगिनला वापरता तो पिन इथे चालत नाही, पासवर्डच लागतो. ‘पासवर्ड प्रोटेक्शन बंद करा’ हा सल्ला जुना झाला. नव्या विंडोजमध्ये पाहुण्याला तसा प्रवेश मिळत नाही, आणि मिळू नयेच.

पलीकडून फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे १०.१०.१०.१ टाका. मॅकवर फाइंडरमध्ये ‘कनेक्ट टू सर्व्हर’.

वेग. मोठी फाइल टाकून बघा. शंभराच्या आसपास एमबी दिसले तर झालं. चाळिशीच्या आत अडकलं तर अडॅप्टर यूएसबी २ च्या खाचेत खोचलेला असणार. अकराच्या वर जातच नसेल तर केबल १०० एमबीपीएसवर उतरली आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात, आणि घाईत क्रिंप केलेल्या (चिमट्याने दाबून बसवलेल्या) टोकात एखादी निसटलेली असते. टोक कापा, पुन्हा क्रिंप करा, दोन्हीकडे क्रम एकच: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी.