धुळ्याभोवती पायवाट कशी आखावी आणि कशी टिकवावी

जुनं धुळे आखीव. १८१९ साली खानदेशचा कारभार इथे आला, कॅप्टन ब्रिग्ज यांनी सरळ रेषेत पेठ वसवली, आणि आजही पत्ता सांगायला ‘पाचवी गल्ली’ एवढं पुरतं. शहराबाहेर शिवारात पाऊल टाकलं की ही सोय संपते. पांझरेचा काठ, नकाणे तलाव, लळिंगचं कुरण एका फेरीत गुंफायचं असेल, तर नवी वाट पाडू नका. आहेत त्याच जोडा.

आधी वाटेवरच्या प्रत्येक गावचा गावनकाशा मिळवा. त्यावर तुटक रेषांनी दाखवलेल्या गाडीवाटा, पायवाटा आणि शिवरस्ते पेन्सिलने जोडत न्या. मग नकाशा घेऊन प्रत्यक्ष चाला. कागदावरचा शिवरस्ता कधी नांगरलेला निघतो, कधी त्यावर झटका मशीनची, म्हणजे विजेच्या कुंपणाची, तार असते. तिथे हुज्जत नको, वळसा घ्या. महसूल कायद्याच्या कलम १४३ मध्ये बांधावरून रस्ता मागता येतो तो शेतकऱ्याला, फिरायला आलेल्यांना नाही. खासगी बांधावरून जायचं तर मालकाला विचारायचं, एवढंच. ‘दादा, थंडीत रविवारी चार माणसं जातील, कापसात शिरणार नाहीत,’ असं सरळ सांगा. सालदारालाही, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्यालाही, भेटा, शेतात दिवसभर तोच असतो. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार बदलतात, म्हणून त्यानंतर पुन्हा एक फेरी मारा. कुरणात वनखात्याची परवानगी लागते, ती लेखी घ्या.

फडाच्या, म्हणजे बंधाऱ्याच्या सामाईक पाटावर भिजणाऱ्या, बागायतीतून जाताना पाटाला पाणी कधी सुटणार हे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला विचारा. पाण्याच्या दिवशी पाटाची कड तुडवली की ती फुटते, आणि मग तुमची वाट कायमची बंद.

खुणांसाठी मोठ्या दगडांवर पांढरा बाण पुरे, वळणाच्या थोडा आधी. हद्दीच्या दगडांना मात्र हात लावू नका. ते बिघडवले तर दंड होतो, शिवाय दोन भावांत भांडण लागेल ते वेगळंच. महामार्ग त्याच्या खालच्या बोगद्यातूनच ओलांडा.

खरं काम पुढे आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल रुतून बसते, तेव्हा फेरी बंदच ठेवा. पाऊस उघडला की कोयता, कुदळ घेऊन निघा. वेडी बाभूळ नुसती छाटली तर बुडातून चार फांद्या जास्त फुटतात. जमीन ओली आहे तोवर ती मुळासकट उपटा. काटे वाटेवर एकही ठेवू नका, रबरी तळव्यातून आरपार जातात. गाजर गवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून. बांधाच्या तोंडाशी कुणी बाभळीच्या काट्या लावल्या असतील, तर पलीकडे गेल्यावर त्या होत्या तशा लावा. नाहीतर रात्री गुरं शिरतात आणि बोल तुम्हाला लागतो.

चालायचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून पहाटेच निघावं. मे महिन्यात फक्त नकाशा बघावा.