पाऊस तोंडावर आहे, सैल दांडा पाण्यात घालू नका

पावसाची चाहूल लागली की कोपऱ्यात पडलेली कुऱ्हाड, फावडं, घण बाहेर निघतात. लोखंड दांड्यावर डुलतंय असं दिसलं की हत्यार रात्रभर बादलीत उभं केलं जातं. हे बंद करा. सकाळी दांडा घट्ट लागतो खरा, पण फुगलेल्या लाकडाला नेढ्यात, म्हणजे लोखंडाच्या भोकात, पसरायला जागा नसते, त्यामुळे आतले तंतू चेपतात. सुकल्यावर लाकूड आधीपेक्षा बारीक होतं, हत्यार आणखी खिळखिळं. मग पुन्हा बादली. आणि नेमकं शेतात पाणी तुंबलेलं असताना, चर फोडायच्या वेळी, फावडं दांड्यातून निसटतं. खोळंबा लांबला तर उभ्या पिकाची मुळं कुजतात. घण निसटला तर माणूसच जायचा.

ओल्या लाकडाचा दांडा हीच चूक दुसऱ्या वाटेने करतो. बांधावरची बाभूळ आज तोडून आज ठोकली, तर उघडीप पडताच ती आकसणार. दांड्याच्या लाकडात ओल 12 टक्क्यांच्या आसपास असावी. ती मोजायचं यंत्र कुणाकडे असतं? तुकडा सावलीत ठेवा, दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की समजा वाळला. ठोकून ऐका, बद्द आवाज आला तर अजून थांबा.

लाकूड धामण, तिवस किंवा जुनी वाळकी बाभूळ. दुकानातला रंगवलेला दांडा मी तरी घेणार नाही. रंगाखाली गाठी आणि तिरक्या रेषा झाकल्या जातात. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हव्यात. दांडा फुगवणाऱ्या द्रवाची बाटली कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा.

बसवताना:
- जुना तुकडा कापून ठोकून काढा. आगीत जाळलात तर पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं
- कानशीने घासत नेढ्यात जेमतेम शिरेल एवढा करा
- कुऱ्हाड, घण: वरच्या टोकाला नेढ्याच्या खोलीच्या दोन-तृतीयांश खाच
- लोखंड खाली लोंबतं धरून दांड्याच्या मागच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका, लोखंड आपोआप वर चढतं
- खाचेत वाळक्या लाकडाची पाचर. खिळा नको, दांडा चिरतो
- टिकाव: दांडा वरून घाला, जाड टोकावर तो अडतो, पाचर लागत नाही

नंतर दांड्याला, विशेषतः उघड्या टोकाला, जवसाचं तेल चोळा. तेलाचा बोळा चुरगळून टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. उघड्यावर पसरून वाळवा.

बादलीशिवाय निभतच नसेल, तर भिजवलेलं फावडं त्या दिवसापुरतं वापरा आणि संध्याकाळी दांडा बदला. घण मात्र एका घावापुरताही उचलू नका.