लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे रेडिओ आकडे वापरताना या चुका टाळा

एम ८७ ही दीर्घिका १.४ गीगाहर्ट्झला सुमारे २०० जान्स्की (रेडिओ तेजाचे एकक) तेजस्वी आहे. हा आकडा सरळ तिच्या मध्यावरच्या कृष्णविवराच्या नावावर टाकला की पुढचे गणित बिघडलेच. त्यात गाभ्याचा, म्हणजे कृष्णविवरालगतच्या भागाचा, वाटा जेमतेम काही जान्स्की. बाकी सगळे कृष्णविवराजवळून सुटणाऱ्या झोताचे आणि त्याने फुगवलेल्या विस्तीर्ण ढगांचे. ढगांतली ऊर्जा लाखो-कोट्यवधी वर्षांत साठलेली असते. त्यावरून कृष्णविवर आज काय करते आहे ते कळत नाही.

यातूनच वर्णपटाची, म्हणजे वारंवारितेनुसार तेज कसे बदलते ते ठरवण्यातली, चूक होते, आणि ती सर्वांत चिवट आहे. एका जुन्या संग्रहातून १.४ गीगाहर्ट्झचा आकडा घ्यायचा, दुसरीकडून २२ गीगाहर्ट्झचा, आणि दोन बिंदूंतून रेषा ओढायची! व्हीएलए या अनेक अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीच्या सर्वांत पसरलेल्या मांडणीतही १.४ गीगाहर्ट्झला विभेदन (वेगळा दिसू शकणारा सर्वांत बारीक तपशील) सव्वा आर्कसेकंदाच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आसपास असते, तर २२ गीगाहर्ट्झला ०.१ आर्कसेकंदाहून थोडे बारीक. एम ८७च्या अंतरावर एक आर्कसेकंद म्हणजे सुमारे २६० प्रकाशवर्षे. म्हणजे पहिल्या मोजणीत झोताचा बराच भाग आत येतो, दुसरीत तो गळतो, आणि सपाट वर्णपटाचा गाभा उगाच उतरता दिसतो. दोन्ही प्रतिमा सारख्याच यूव्ही पल्ल्यातून (तरंगलांबीच्या पटीत मोजलेल्या अँटेनांमधल्या अंतरांच्या पल्ल्यातून) आणि सारख्याच बीमने (विभेदनाच्या ठिपक्याने) बनवा. तारखाही जवळच्या घ्या, कारण गाभा काही महिन्यांतही बदलतो. वर्णपटाच्या निर्देशांकाचे (उताराच्या आकड्याचे) चिन्ह मूळ लेखात कोणत्या पद्धतीने धरले आहे, तेही बघा. यात भलेभले फसतात.

व्हीएलबीआयचा (दूरदूरच्या अँटेना जोडून केलेल्या निरीक्षणाचा) आकडा व्हीएलएपेक्षा कमी आला, तर स्रोत मंदावला असे लगेच म्हणू नका. अँटेनांमध्ये जवळच्या जोड्या नसल्या की पसरट प्रकाश मोजलाच जात नाही.

रेडिओत मंद, म्हणून कृष्णविवर लहान, हेही चूक. एम ६० या दुसऱ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेतले कृष्णविवर काही अब्ज सूर्यांइतके जड आहे, पण रेडिओत ते एम ८७पुढे मिणमिणते. भोवती गरम वायू भरपूर असूनही असे का? १९९०च्या दशकाच्या अखेरीस एम ६० आणि एम ४९ यांसारख्या दीर्घिकांचे गाभे उच्च वारंवारितेला मोजले गेले, तेव्हा ते कृष्णविवरात वायू कसा पडतो याच्या त्या काळच्या प्रतिमानांच्या अंदाजापेक्षा खूपच मंद निघाले. आत ओढला जाणारा बराचसा वायू वाटेतच बाहेर फेकला जात असावा, हे त्याचे एक पटणारे स्पष्टीकरण.

रेडिओ तेज म्हणजे झोताची ताकदही नव्हे. क्ष-किरण प्रतिमांत झोताने गरम वायूत केलेल्या पोकळ्या मोजल्या, तर ती ताकद बहुधा रेडिओ तेजाच्या शेकडो पट निघते.

शेवटी अंतर. ताम्रसृतीवरून (दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश तांबड्याकडे सरकण्यावरून) ते काढायची सवय इथे सोडावी लागते. कन्या या दीर्घिकासमूहातली एम ८६ आपल्याकडे सेकंदाला २०० किलोमीटरहून अधिक वेगाने येते आहे. हबलच्या नियमात (दूर जाण्याचा वेग जितका जास्त, तितके अंतर जास्त) तो वेग घातला तर अंतर ऋण येईल. पृष्ठतेजातील चढउतारांवरून (दीर्घिकेच्या प्रतिमेतल्या तेजाच्या बारीक फरकांवरून) काढलेले अंतर घ्या, कारण दीप्ती (स्रोताचे खरे तेज) काढताना अंतराचा वर्ग होतो आणि २० टक्क्यांची चूक ४४ टक्क्यांची होऊन बसते.