पहिला जलद हेवी मेक घेताय? आधी इंजिन बघा, तोफा नंतर

नमस्कार मंडळी. या वर्षी कोल्हापूर, नाशिक, डोंबिवलीहून इकडे कॅनडात, बीसीत (ब्रिटिश कोलंबियात) आलेली बरीच नवीन मुलंमुली आमच्या शुक्रवारच्या मेकवॉरियर ऑनलाइनच्या, म्हणजे मेक नावाच्या आत बसून चालवायच्या अवाढव्य लढाऊ रोबोंच्या गेमच्या, ग्रुपमध्ये आलीत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, दादा, पहिला मेक कुठला घेऊ? प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. मला व्हँकुव्हरजवळच्या सरीत येऊन अकरा वर्षं झाली. गेम सुरू केला तो पहिल्याच हिवाळ्यात. डिसेंबरात सव्वाचारला अंधार, पाऊस थांबायचं नाव नाही, बेसमेंटच्या खोलीत मी एकटा, आणि एक दिवस हेडफोनमधून कुणीतरी "अरे मागे बघ, मागे!" असं मराठीत ओरडलं. तेव्हा जे बरं वाटलं ते अजून आठवतं, म्हणून तर हा ग्रुप चालवतोय. गेम बनवणारी पिरान्हा गेम्स पण इथलीच, व्हँकुव्हरची. २०१३ ला रिलीज झालेला गेम आहे, फुकट आहे, आणि भारतात असताना पिंगमुळे ज्यांनी सोडून दिला होता त्यांनी इथून परत खेळून बघा, फरक लगेच कळतो.

आधी पैशांचं. सुरुवातीच्या २५ मॅचना कॅडेट बोनस मिळतो, म्हणजे नेहमीपेक्षा भरपूर जास्त सी-बिल (गेममधले पैसे). एवढे पैसे परत इतक्या पटकन हातात येत नाहीत, त्यामुळे ते जपून वापरा. मी तो सगळा बोनस १०० टनी अ‍ॅटलासवर घातला होता. सगळ्यात मोठा तो सगळ्यात भारी असं मला वाटलं होतं. प्रत्येक मॅचला टीम पुढे निघून जायची आणि मी मागे एकटा सापडायचो, दोन आठवड्यांनी विकला तर अर्धीच किंमत परत मिळाली. म्हणून २५ च्या २५ मॅच ट्रायल मेकमध्ये खेळा, ते फुकट असतात, त्यांच्यात काही बदलता येत नाही पण चालवून बघता येतं. इकडे आल्यावर पहिल्या महिन्यात गाडी घेऊ नका, आधी बसने फिरून रस्ते ओळखा असं आपण सांगतो ना, तसंच आहे हे.

आता हेवीच का आणि जलदच का. हेवी म्हणजे ६० ते ७५ टन. ३५ टनापर्यंतचे लाइट पळतात जोरात पण नवीन माणसाच्या हातात एका चुकीत संपतात, आणि मॅचमध्ये मेलात की परत जन्म नाही, उरलेला वेळ बाकीच्यांचं बघत बसायचं. ८० आणि त्यावरच्या अ‍ॅसॉल्टचं मी वर सांगितलंच. मधल्या हेवीमध्ये जो ताशी ८० च्या वर पळतो तो चूक सावरायला वेळ देतो, चुकीच्या गल्लीत शिरलात तरी बाहेर पडता येतं. वेगाचा खरा फायदा हाच, लढायचं की नाही, कुठे आणि कधी लढायचं हे तुम्ही ठरवता, समोरचा नाही.

वेगाचं गणित सोपं आहे, इंजिनचं रेटिंग गुणिले १६.२ भागिले टन. ६० टनाच्या मेकमध्ये ३०० चं इंजिन टाकलं की ८१ किलोमीटर, ३२५ टाकलं की जवळजवळ ८८. पण वेग फुकट मिळत नाही, तो टनात मोजावा लागतो. एक्सएल या हलक्या प्रकारच्या ३०० च्या इंजिनचं वजन साडेपंधरा टन, एक्सएल ३२५ चं १९. म्हणजे सात किलोमीटरसाठी साडेतीन टन गेले, तेवढ्यात एक एसआरएम सहा (जवळून मारायचा सहा मिसाइलांचा लाँचर) आणि वर अर्धा टन दारूगोळा बसला असता. म्हणून म्हणतो आधी इंजिन ठरवा, मग उरलेल्या वजनात काय बसतं ते बघा. बहुतेक नवीन मुलं उलटं करतात, आधी मोठ्या तोफा चढवतात, मग इंजिन छाटत छाटत आणतात, आणि मग हेवी मेक अ‍ॅसॉल्टच्या चालीने चालतो आणि चिलखत मात्र हेवीचंच असतं.

इंजिनचे तीन प्रकार आहेत, हे नीट समजून घ्या कारण इथे चुकलात तर चांगला मेक पण वाया जातो. स्टँडर्ड सगळ्यात जड पण सगळं छातीच्या मधल्या भागात, बाजू उडाल्या तरी मेक उभा. एक्सएल हलकं, ३०० रेटिंगला स्टँडर्डपेक्षा साडेनऊ टनांनी हलकं, पण इनर स्फिअरचं (गेममधल्या मेकचे दोन गट आहेत, इनर स्फिअर आणि क्लॅन) एक्सएल दोन्ही बाजूंच्या धडात तीन तीन जागा घेतं आणि त्यातली एक बाजू गेली की खेळ संपला. लाइट इंजिन मधलं, ३०० ला एक्सएलपेक्षा पाच टन जड, पण एक बाजू गेली तरी चालू राहतं. क्लॅनचं एक्सएल हलकंही असतं आणि एका बाजूचा मार सोसूनही चालतं, क्लॅनचा मोठा फायदा तोच.

मग मेक कुठला? मी दोन रस्ते सांगतो. पहिला म्हणजे क्लॅनचे ऑम्निमेक, ते फर्निश्ड घरासारखे आहेत. इंजिन ठरलेलं, सांगाडा ठरलेला, डबल हीट सिंक (मेकची उष्णता बाहेर टाकणारे भाग) आधीच बसवलेले, तुम्ही फक्त हात, धड असे पॉड बदलून तोफा लावायच्या. एबन जॅग्वार ६५ टनी, ३२५ चं एक्सएल, वेग ८१, आणि शस्त्रांना भरपूर जागा. नवीन माणसाला मी डोळे झाकून हाच सांगतो. लाइनबॅकर पण ६५ टनीच पण त्यात ३९० चं इंजिन, ९७ च्या वर पळतो, एवढ्या वजनाचा मेक इतका पळताना बघून समोरचे गोंधळतात. पण इंजिननेच एवढं वजन खाल्लेलं असतं की शस्त्रं मोजकीच बसतात, आणि ते इंजिन बदलता येत नाही. त्यामुळे लाइनबॅकर दुसरा मेक म्हणून घ्या, पहिला नको. टिंबर वुल्फ ७५ टनी असून ८१ ने पळतो, छान आहे, महाग आहे, घाई नको.

दुसरा रस्ता इनर स्फिअरचा, म्हणजे रिकामं घर. मेक स्वस्त पडतो पण सगळं आपण बसवायचं. डबल हीट सिंकलाच १५ लाख सी-बिल जातात, एक्सएल इंजिन वेगळं, एंडो स्टीलचा हलका सांगाडा वेगळा. खर्च धरून चालायचं. पण शिकायला मिळतं ते यातच, आणि मला वैयक्तिकरीत्या ड्रॅगन फार आवडतो, ६० टनी, जुना मेक, लोक नावं ठेवतात पण मी त्याच्यावरच खेळ शिकलो.

ड्रॅगनचा एक गुण समोरून बघितल्याशिवाय कळत नाही. त्याची छाती नाकासारखी पुढे आलेली आहे, त्यामुळे समोरचा कुठेही नेम धरो, गोळी बरेचदा मधल्या धडावरच बसते. लोक याला दोष म्हणतात. पण याचाच अर्थ बाजूची धडं कमी मार खातात, म्हणून इनर स्फिअरचं एक्सएल जे दुसऱ्या मेकमध्ये धोक्याचं ते ड्रॅगनमध्ये त्यामानाने चालून जातं. आता हिशोब करू. ६० टन. एंडो सांगाडा ३ टन, एक्सएल ३२५ चे १९. चिलखत जवळजवळ पूर्ण भरलं तर साडेबारा, एका टनात ३२ पॉइंट येतात आणि ६० टनाच्या मेकला कमाल ४०२ बसतात. इंजिनच्या आत तीन जास्तीचे डबल हीट सिंक बसतात ते टाका, ३ टन, तिथे टाकले की बाहेरच्या जागा वाचतात. उरले साडेबावीस. ऑटोकॅनन १० चे १२, गोळ्या ३ टन, एसआरएम सहा ३ टन आणि त्याचा एक टन दारूगोळा, दोन मिडियम लेझर म्हणजे २, बाहेर अजून एक हीट सिंक १. अर्धा टन उरतो, चिलखतात जे एक-दोन पॉइंट राहिलेत ते भरून टाका. व्हेरियंटप्रमाणे, म्हणजे एकाच मेकच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांप्रमाणे, हार्डपॉइंट (शस्त्रं लावायच्या जागा) बदलतात, म्हणून विकत घ्यायच्या आधी मेकलॅबमध्ये (गेममधल्या मेक जुळवायच्या स्क्रीनवर) बघून घ्या की हे सगळं त्या व्हेरियंटवर लागतंय का.

चिलखताचं वाटप कुणी सांगत नाही, ते सांगतो. ६० टनी मेकच्या मधल्या धडाचे ८० पॉइंट पुढे आणि मागे मिळून आहेत. नवा मेक आला की पाठीला बरेच दिलेले असतात. ते काढून पाठीला आठ ठेवा, बाकी सगळे पुढे. पाठीला मार बसायला लागला तर चूक चिलखताची नाही, तुम्ही उभे कुठे होतात याची आहे. गोळ्या शक्यतो पायात ठेवा. आणि गोळी मारून झाली की धड वळवायचं, समोरच्याकडे बघत उभं राहायचं नाही. ड्रॅगनची तोफ उजव्या हातात असते म्हणून धड उजवीकडे फिरवा, म्हणजे मार डाव्या बाजूवर जातो आणि तोफ वाचते. ऑटोकॅनन परत भरेपर्यंत वळलेलंच राहायचं, मग फिरा, मारा, परत वळा. हे हातात बसायला मला एक अख्खा हिवाळा लागला, तुम्हाला लवकर जमेल कारण तुम्हाला सांगणारं कुणीतरी आहे.

जुन्या गाइडमध्ये एक गोष्ट सापडेल की मोठं इंजिन टाकलं की धड पण पटपट वळतं. २०१७ पर्यंत ते खरं होतं, आता चपळाई त्या त्या मेकवर ठरलेली असते, इंजिनचा तिच्याशी संबंध नाही. त्यामुळे त्या आशेने इंजिन वाढवू नका. त्याच वर्षी स्किल ट्री आली, म्हणजे पॉइंट खर्चून मेक सुधारायची सोय, एका मेकला जास्तीत जास्त ९१ पॉइंट. आधी चिलखत आणि सांगाडा, मग उष्णता कमी करणारे, मग रडार डिप्रायव्हेशन, म्हणजे आडोशाला गेलात की शत्रूचं लॉक लवकर सुटतं, नाहीतर भिंतीआड गेलात तरी वरून मिसाइलं पडतच राहतात. वेग वाढवणारं स्पीड ट्वीक शेवटी.

खेळताना फार काही नाही, दोनच गोष्टी. वेग आहे म्हणून सगळ्यांच्या पुढे जाऊ नका, बाराजण समोर असतात आणि पहिला दिसतो त्यालाच बाराही मारतात. दुसऱ्या ओळीत राहा, आर दाबून टार्गेट धरा म्हणजे त्याचं काय फुटलंय ते तुम्हाला दिसतं, आणि आपले दोन-तीन जण लढायला लागले की बाजूने या, दोनदा मारा, निघा. आणि एचपीजी मॅनिफोल्डसारख्या मॅपवर सगळे मधल्या बांधकामाभोवती गोल फिरायला लागतात, आपलाच अ‍ॅटलास मागे राहतो आणि शत्रूचे लाइट येऊन त्याला पाठीमागून फोडतात. त्याच्यापर्यंत परत वेळेत पोचू शकतो तो फक्त जलद हेवी. तो मागे राहिलेला माणूस मी होतो कधीतरी, म्हणून आमच्या ग्रुपचा नियम आहे, मागच्याने हाक मारली की वळायचं. एखादा किल कमी झाला तरी चालेल.

या शुक्रवारी रात्री नऊला इकडे, म्हणजे पुण्यातून जे जॉइन होतात त्यांची शनिवारची सकाळ. माइकवाला हेडसेट आणा, पहिले चार ड्रॉप (मॅच) ट्रायल मेकवरच करू, आणि मॅचनंतर मेकलॅब उघडून तुमचं इंजिन सगळ्यांनी मिळून ठरवू.