जोतिबा-पन्हाळ्याचा उतार: माउंटन बाइकचा ब्रेक कसा मारावा

‘पुढचा ब्रेक मारलास की तोंडावर पडशील’ हे लहानपणी कानावर पडलेलं असतं, म्हणून अनेक जण जोतिबाचा अख्खा डोंगर मागच्या ब्रेकवर उतरतात. हीच सवय धोक्याची आहे. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं आणि थोड्या दाबानेही जाम होऊन घसरतं. सायकल खऱ्या अर्थाने थांबवतो तो पुढचा ब्रेकच. तो एकदम करकचून दाबला आणि अंग मागे घेतलं नाही, तरच माणूस हँडलवरून जातो.

कोणती लिव्हर पुढची, हे प्रत्येक सायकलवर सारखं नसतं. दुसऱ्याची सायकल घेतली तर सपाटीवरच बघून घ्या. लिव्हर ग्रिपपासून थोडी आत सरकवा, म्हणजे तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या वाकावर बसेल. हायड्रॉलिक डिस्कला (तेलाच्या दाबाने चाकाच्या मधली चकती पकडणाऱ्या ब्रेकला) एक बोट पुरतं, केबलच्या ब्रेकला दोन लागू शकतात. पूर्ण दाबल्यावर लिव्हर ग्रिपला टेकत असेल तर केबलचा बॅरल (ताण जुळवायचा गोल स्क्रू) अर्धा-अर्धा फेरा बाहेर फिरवून ताण वाढवा. हायड्रॉलिकला तसं होत असेल तर पॅड (डिस्कला दाबून घासणारे तुकडे) झिजलेत का ते बघा, नाहीतर तेलात हवा शिरली आहे.

आता अंग. सीटवरून उठा, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवा, गुडघे आणि कोपरं वाकवा, कंबर खाली आणि थोडी मागे घ्या. टाचा मात्र नक्की खाली दाबा. टाचा खाली असल्या की ब्रेकचा धक्का पायांवर येतो, हातांवर नाही.

सराव मैदानावर करा. ताशी 15 किमीच्या आसपास वेगात फक्त पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबा. मागचं चाक हलकं झाल्यासारखं वाटलं की सोडा. ही जाणीव हातात बसली की दोन्ही ब्रेक एकत्र मारा, मग तेच मुरमावर करा. पुढचं चाक घसरू लागलं तर बोट लगेच सैल करा, चाक फिरू लागलं की पकड परत येते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेग वळणाआधी, सायकल सरळ असतानाच कमी करायचा. टायरची पकड मर्यादित असते. वळताना ती वळण्यातच खर्च होते, त्यात ब्रेकची भर पडली की चाक सुटतं. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराकडच्या वाटांवर कोरड्या जांभ्यावर सुटी खडी असते आणि पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळ चढतं. शेवाळलेल्या कातळावर ब्रेक मारूच नका. आधीच वेग उतरवा आणि हँडल सरळ ठेवून तो तुकडा पार करा. गळीत हंगामात ट्रॅक्टरमागून सांडलेला चिखल आणि पाचट डांबरी रस्त्यावरही तितकंच घसरवतं.

लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. जोरात मारा, वेग उतरला की सोडा, पॅडला गार व्हायला वेळ द्या. उष्णतेने पॅड गुळगुळीत होतात, हायड्रॉलिक लिव्हर मऊ पडते. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला घासणारा) असेल तर तापलेल्या रिममुळे ट्यूब फुटू शकते. जळका वास आला की थांबा, पण डिस्कला हात लावू नका.

नवीन पॅड बसवल्यावर ताशी 20 किमीवरून चालण्याच्या वेगापर्यंत साधारण 20 वेळा ब्रेक मारा. चाक जाम होऊ देऊ नका. तोवर पूर्ण पकड येत नाही, म्हणून पॅड बदलून थेट घाट गाठू नये. पॅडचा मसाला अर्धा मिलिमीटर उरला की बदलाच. चेनला तेल देताना डिस्क झाकून घ्या. थेंब पडलाच तर डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेल प्यालेले पॅड मात्र सहसा फेकावेच लागतात. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड (दुसऱ्या प्रकारचं ब्रेकचं तेल) कधीही घालू नका, आतली सील खराब होतात. आणि गाडीत घालायला चाक काढलं तर पॅडांच्या मधे पुठ्ठ्याची घडी अडकवा. चाक नसताना लिव्हर दाबली गेली तर पॅड ढकलणारे पिस्टन पुढे येतात आणि डिस्क पुन्हा आत बसत नाही.