उलटतपासणीआधी एफआयआर कसा वाचावा

एफआयआरला निशाणी (कोर्टाचा पुरावा-क्रमांक) पडली म्हणजे त्यातला मजकूर सिद्ध झाला असे नाही. पुरावा म्हणजे फिर्यादीने कोर्टात शपथेवर सांगितलेले. फिर्यादीचा कागद, म्हणजे एफआयआर, त्या साक्षीला पुष्टी द्यायला (भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम १६०) किंवा तिच्यातली विसंगती दाखवायला (कलम १४८) कामी येतो, तोही फिर्यादीपुरताच. दुसऱ्या साक्षीदारासमोर तो धरू नका, हरकत येईल आणि ती योग्यच असेल.

वाचताना हकिगतीपासून नव्हे, रकान्यांपासून सुरुवात करा. रकाना ३ मध्ये घटनेची वेळ, ठाण्यात खबर आल्याची वेळ आणि स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक असतो. ८ मध्ये उशिराचे कारण. १५ मध्ये कोर्टाकडे पाठवल्याची तारीख-वेळ. या वेळा एका कागदावर ओळीने लिहा. त्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अहवाल पोहोचल्याची तारीख (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७६) मांडा. ती नक्कलेवरच्या दंडाधिकाऱ्यांच्या सहीखाली सापडते. खुनाच्या खटल्यात इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामाही घ्या. त्यावर गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) नसेल, तर फिर्याद नंतर लिहून वेळ मागची टाकली का, हा प्रश्न उभा राहतो. मेहराज सिंग खटल्यात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने याच दोन कसोट्या वापरल्या. पंचनाम्यात आरोपींची नावे नाहीत, एवढाच मुद्दा मात्र लंगडा आहे. तो पंचनामा मृत्यूच्या कारणापुरता असतो.

उशीर झाला म्हणून खटला आपोआप पडत नाही. थुलिया काली (१९७२) निकालातली भीती आहे ती मधल्या वेळेत रचलेल्या कहाणीची. म्हणून त्या वेळेत फिर्यादी कुठे होता, कोणाला भेटला, ठाणे किती लांब, हे विचारा. लैंगिक गुन्ह्यात या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नये.

विसंगती सिद्ध करण्याचा क्रम चुकला की सगळी मेहनत वाया जाते. आधी कोर्टातले विधान पक्के करून घ्या. मग फिर्यादीतले नेमके वाक्य साक्षीदाराला वाचून दाखवा. त्याने ते मान्य केले तर तिथेच थांबा. नाकारले तर तो भाग ‘पोर्शन ए’ म्हणून खुणावून घ्या आणि फिर्याद लिहून घेणाऱ्या अंमलदाराच्या साक्षीत तो सिद्ध करा. ही शेवटची पायरी सर्रास राहून जाते आणि युक्तिवादाच्या वेळी हातात काही उरत नाही.

वगळलेल्या गोष्टीबाबत ठरलेले उत्तर येते: ‘मी सांगितले होते, का लिहिले नाही याचे कारण सांगता येणार नाही.’ त्यावर वाद घालू नका. अंमलदाराला विचारा, तो ‘असे सांगितले नव्हते’ म्हणाला की काम झाले. फक्त निवड नीट करा. शर्टाचा रंग राहिला याला किंमत नाही. हत्यार, वार करणाऱ्याचे नाव, प्रत्यक्षदर्शी यांना आहे. राम कुमार पांडे खटल्यात (१९७५) अशी मोठी वगळच निर्णायक ठरली.

दोन अपवाद लक्षात ठेवा. फिर्यादी त्याच दुखापतीने मेला, तर फिर्याद मृत्युपूर्व जबाब म्हणून थेट पुरावा होते (साक्ष्य अधिनियम, कलम २६). हृदयविकाराने गेला तर नाही. आणि आरोपीनेच ठाण्यात येऊन कबुली दिली असेल, तर अघनू नागेसिया निकालाप्रमाणे ती कबुली, हेतू आणि तयारीच्या तपशिलासह, त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. त्यातून निघालेल्या वस्तूच्या शोधापुरता भाग तेवढा टिकतो.