आठव्या महिन्यात माहेरी गेलात आणि 'इथं नोंद नाही' म्हणाले, तर

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच. ओटीभरण झालं की मुलगी आईकडे जाते. मीही गेले. नवरा चाकणच्या कंपनीत, आमची भाड्याची खोली भोसरीत आणि माहेर मराठवाड्यातल्या एका खेड्यात. नोंदणी, रक्त-लघवीच्या तपासण्या, दोन सोनोग्राफ्या, सगळं पिंपरी-चिंचवडला झालेलं. चौतिसाव्या आठवड्यात आईला घेऊन तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात गेले, तर खिडकीवरच्या माणसाने माझं कार्ड उघडलंसुद्धा नाही. 'नोंद इथली नाही. आधी उपकेंद्रातून लिहून आणा.'

उपकेंद्राला कुलूप. सिस्टर लसीकरणाला दुसऱ्या गावी गेलेल्या. दुसऱ्या दिवशी भेटल्या, पण म्हणाल्या, 'ताई, तुमचा नंबर तिकडे पडलाय, माझ्याकडून नवा निघत नाही.' परत रुग्णालय. तिथून सोनोग्राफीला पाठवलं, तर चिठ्ठीवर सासरचं नाव आणि आधारवर माहेरचं, म्हणून तिथूनही परत. असे हेलपाटे अकरा दिवस चालले. माझे पाय इतके सुजले होते की चपलेत अंगठा जाईना. आईने तिच्या सपाता मला घातल्या आणि ती रांगेत अनवाणी उभी राहिली. या अकरा दिवसांत चार टेबलांवर माझे कागद पाहिले गेले, माझा बीपी मात्र एकदाही नाही.

तो शेवटी बघितला गेला ९ तारखेला. आईच्या गल्लीतल्या आशाताई म्हणाल्या, 'खिडकीवर जाऊच नका, ९ तारखेला माझ्यासोबत चला.' प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून चालू आहे. त्यात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी पट्टा बांधला, १४६/९६ वाचलं, लगेच लघवी तपासायला लावली आणि माझ्या कार्डावर लाल स्टिकर चिकटवला. लाल म्हणजे जोखमीची गरोदर बाई. त्यानंतर मला कुणी नोंद विचारली नाही. हे सगळं लिहितेय ते एवढ्याचसाठी की तुम्ही आधी तपासणी मागा. नोंद मागाहून होते, बीपी थांबत नाही.

आता नीट सांगते, काय काय करायचं ते.

अजून निघाला नसाल तर सासरकडच्या आशाताई किंवा सिस्टरला आठवडाभर आधी सांगा की मी माहेरी जातेय. माता व बाल संरक्षण कार्डावर, ज्याला सगळे एमसीपी कार्ड म्हणतात, आरसीएच नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला तुमचा नंबर, लिहिलेला आहे का ते पाहा. माझ्या कार्डावर ती जागा कोरी होती. नंबर त्यांच्या रजिस्टरमध्ये होता, पण कार्डावर उतरवायचा राहिला होता. हा नंबर असला की नव्या गावची सिस्टर तुमची जुनी नोंद शोधून पुढच्या तपासण्या त्याच नोंदीत चढवू शकते. नसला की तुम्ही तिच्यासाठी अनोळखी. निघण्याआधी शेवटच्या तपासणीची तारीख, वजन, बीपी, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शनं हे सगळं कार्डावर भरून घ्या. सिस्टरचा फोन नंबर कार्डाच्या मागच्या पानावर लिहून घ्या. पुढे अडलं की इकडची सिस्टर तिकडच्या सिस्टरशी फोनवर दोन मिनिटांत बोलते आणि जे अर्जाने होत नाही ते होऊन जातं. माझं तसंच झालं.

रक्तगटाचा कागद सगळ्यात वर ठेवा. तुमचा गट निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी नावाचं इंजेक्शन घ्यावं लागतं. तालुक्याला ते आहे का, हे दिवस भरायच्या आधीच विचारून ठेवायला हवं. त्याखाली सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, पहिल्या तीन महिन्यांतला तर हमखास, कारण दिवस किती झाले हे त्यावरूनच नीट धरता येतं. मग एचआयव्ही, साखर, हिमोग्लोबिन. प्रत्येक पानाचा फोटो नवऱ्याच्याही मोबाइलमध्ये असू द्या.

नावाचं सांगते, कारण माझे सगळ्यात जास्त दिवस तिथेच गेले. लग्नानंतर आधार बदललं नसेल तर कार्डावर, चिठ्ठीवर, केसपेपरवर आधारवरचंच नाव लिहायला सांगा. सासरचं नाव हवंच असेल तर कंसात घ्या. आठव्या महिन्यात आधारवरचं नाव बदलायला धावू नका. ते बदललं की बँकेतलं नाव जुळत नाही, आणि नवा गुंता होतो. त्यापेक्षा विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे त्यावर दिसतं. नोंदणी केलीच नसेल तर गावात लग्न झालेल्यांना ती ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे करता येते. सोनोग्राफीवाले नावाबाबत कडक असतात, त्याला कारण आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने त्यांना प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म भरावा लागतो. नाव, पत्ता, नवऱ्याचं नाव, मुलं किती, कुणी पाठवलं, सगळं त्यात येतं, आणि त्यात चूक निघाली तर केंद्रावर कारवाई होते. म्हणून तिथे वाद घालून उपयोग नाही. ज्या डॉक्टरने चिठ्ठी दिली त्यांच्याकडूनच आधारप्रमाणे नाव लिहिलेली नवी चिठ्ठी घ्या. जुन्या चिठ्ठीवरची खाडाखोड चालत नाही, त्यापायी माझी एक फेरी वाया गेली.

माहेरी पोचलाच असाल तर पहिल्याच दिवशी तिथल्या आशाताईंना गाठा. त्या तुम्हाला पाहुणी गरोदर बाई म्हणून आपल्या यादीत घेतील. तुमच्याकडे एक कार्ड आहे, तेच सगळीकडे चालतं. 'नवं काढून देतो' कुणी म्हटलं तर हात जोडून नको म्हणा. नव्या कोऱ्या कार्डावर तुमचे आधीचे सात महिने दिसत नाहीत, आणि रात्री बाळंतपणाच्या खोलीत डॉक्टर तेच बघतात.

रुग्णालयात सकाळी लवकर जा. कारण दुपारी केसपेपरची खिडकी बंद झाली की तो दिवस गेला. रुग्णालय कुणाचं आहे तेही माहीत असू द्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या कारभारात येतात, पण गरोदर बाईसाठी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून सगळ्याच सरकारी ठिकाणी लागू आहे. बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण, घरून न्यायला आणि परत सोडायला गाडी, यातल्या कशालाही पैसे नाहीत. ही सेवा रहिवासाच्या दाखल्यावर ठरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०१० मध्ये हेच सांगितलं, की गरीब गरोदर बाई एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली म्हणून तिचे आरोग्याचे लाभ अडू नयेत. आपण तर एकाच राज्यातल्या दोन जिल्ह्यांतल्या. आधार नाही म्हणून जरुरीची सेवा नाकारू नये, असं आधार देणाऱ्या प्राधिकरणानेच २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

खिडकीवर एवढंच म्हणा: 'मला तपासणीचा केसपेपर द्या, नोंदीचं मी सिस्टरशी बोलते.' मी चूक केली ती ही की मी पहिल्याच दिवशी 'नोंद करायचीय' म्हणाले. नोंद म्हटलं की ते तुम्हाला दुसऱ्या टेबलावर धाडतात. तपासणी म्हटलं की केसपेपर काढावा लागतो, आणि तो हातात आला की तुम्ही डॉक्टरपर्यंत पोचता.

तरीही नाही म्हणाले तर भांडू नका, लिहून द्या. कोरा कागद, निळं पेन. मी नंतर माझ्या मावसबहिणीसाठी लिहिला तो अर्ज असा होता:

'प्रति, मा. वैद्यकीय अधीक्षक. मी अमुक, ३५ आठवड्यांची गरोदर असून सध्या माहेरी अमुक गावी राहते. माझी नोंदणी अमुक ठिकाणी झालेली असून आरसीएच नंबर अमुक आहे. आज अमुक तारखेला येथे नोंद नसल्याचे कारण सांगून मला तपासणी नाकारण्यात आली. कृपया माझी तपासणी आजच करावी, अथवा नाकारण्याचे कारण लेखी द्यावे.'

दोन प्रती काढा. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घ्या. बहिणीचा अर्ज आवकच्या बाईंनी वाचला आणि शिक्का मारायच्या आधीच उठून डॉक्टरांना बोलावून आणलं. लेखी नकार द्यायला कुणीही सहसा तयार नसतं.

वर तक्रार करायची तर ती योग्य माणसाकडे जायला हवी. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतात, त्यांच्यासाठी तालुका आरोग्य अधिकारी आणि वर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांसाठी जिल्हा शल्यचिकित्सक. आम्ही रुग्णालयाची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे नेली, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की ते माझ्या अखत्यारीत नाही. एक अख्खी दुपार गेली. १०४ वर फोन करूनही माहिती मिळते आणि तक्रार नोंदवता येते.

आता जे सांगते ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. पाणमोट फुटली, अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा आणि हात सुजले, पोटात वरच्या बाजूला दुखू लागलं, झटका आला, यातलं काहीही झालं तर कागद शोधत बसू नका. १०८ ला फोन करा. गरोदर बाईला न्यायला १०२ ची गाडीही असते, पण जिवावर बेतलेलं असेल तेव्हा १०८. अशा वेळी तपासल्याशिवाय परत पाठवायचा अधिकार कुणालाच नाही. 'मोठ्या दवाखान्यात न्या' म्हणाले तर आधी बीपी आणि बाळाचे ठोके बघायला सांगा, संदर्भ चिठ्ठी मागा आणि गाडीही त्यांच्याकडूनच मागा. ती मोफत असते. मला जिल्ह्याला नेलं तेव्हा चिठ्ठीवर बीपीचे दोन आकडे आणि दिलेल्या गोळीची वेळ लिहिलेली होती, म्हणून तिकडे पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं नाही. सदतिसावा आठवडा भरल्यावर कळांचं औषध देऊन माझी मुलगी झाली.

पैशांचं थोडक्यात. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायांना सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणाला ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५००० वेगळे. तुमच्या स्वतःच्या नावाचं, आधार जोडलेलं खातं लागतं. हा अर्ज बाळंतपणानंतर बसून भरता येतो, त्यासाठी नवव्या महिन्यात बँकेत उभं राहू नका.

घरी सोडताना दोन कामं उरतात. जन्माची नोंद बाळ जिथे झालं तिथल्या निबंधकाकडे होते, सासरी नाही, आणि ती २१ दिवसांत व्हायला हवी. सरकारी रुग्णालय ती स्वतःच कळवतं, पण आईबापाची नावं फॉर्मवर लिहिली जातात तेव्हा नवऱ्याला किंवा भावाला शेजारी उभं करून एकेक अक्षर वाचून घ्या. आणि वॉर्डातून निघताना कार्ड परत मागून घ्या. बाळाची बीसीजी, पोलिओ आणि काविळीची पहिली लस त्यावर चढवलेली असते. माझं कार्ड सिस्टरच्या ड्रॉवरमध्येच राहिलं होतं, गाडी फाटकापर्यंत गेल्यावर आईला आठवलं.